पडझडीचा पंचनामा

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



गणपतीतलं व्याख्यान म्हटलं की संतसाहित्य, शिवकाल नाहीतर मधुमेह, हे विषय ठरलेले. यंदा कार्यकर्त्यांनी आमच्यासारख्या सरकारी कामावर उन्हातान्हात उभं राहणाऱ्या डिप्लोमावाल्याला बोलावलं आणि सांगितलं, पूल आणि इमारती पडतात त्यावर बोला. सणासुदीला हा विषय कुणाला अशुभ वाटेल. पण ज्याला आपण विघ्नहर्ता म्हणतो त्याच्यापुढं विघ्नांची चौकशी केली तर तो रागावणार नाही, असं आम्ही धरून चालतो.

आम्ही कोगनोळीचे. तुमच्यापैकी गाडीनं पुण्या-मुंबईकडं जाणाऱ्या प्रत्येकानं आमचं गाव पाहिलंय, पण ते टोलनाका म्हणून. कोरोनाच्या काळात तर तिथं तपासणीसाठी लागलेल्या रांगा बऱ्याच जणांनी भोगल्यात. अलीकडं निपाणी, पलीकडं कागल, मधे दूधगंगा. नाक्यावर राज्य बदलतं, बोली बदलत नाही. आणि नदी तर कुणालाच विचारत नाही. काळम्मावाडीच्या धरणातून सुटलेलं पाणी कोल्हापूर जिल्ह्यातून वाहत आमच्या शिवारात येतं. तिकडून वेदगंगा येते. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता बंद पडला, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. नदीकाठच्या गावांत त्या पुरांनी घरं पाडली, आणि पूर ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले.

आजच्या आमच्या बोलण्याचा धागा तिथूनच निघतो. पंचनामा कसा होतो ते पाहा. तलाठी येतो, पंचायतीचा माणूस येतो, आमच्यापैकी एखादा अभियंता सोबत असतो. घरमालकाचं नाव, घर क्रमांक, फोटो, पडझड किती. २०१९ साली आमच्या राज्यात ए, बी आणि सी अशा तीन वर्गवाऱ्या होत्या. घर जवळजवळ सगळं गेलं तर ए, निम्मंशिम्मं गेलं तर बी, थोडं गेलं तर सी. रक्कम त्यावर ठरायची. लोकांचं सगळं लक्ष त्या एका अक्षरावर, आणि ते बरोबरच होतं, संसार उघड्यावर पडलेला. पण त्या अख्ख्या कागदावर एक रकाना नव्हता: भिंत का पडली?

‘का म्हणजे काय, पूर आला म्हणून पडली.’ असं वाटतं खरं. पण एकाच गल्लीत, एकाच पाण्यात, शेजारीशेजारी असलेल्या दोन घरांपैकी एक पडतं आणि एक उभं राहतं. पाणी तेच, मग फरक कशात?

आमच्या पाहण्यात आलेल्या काही गोष्टी सांगतो. पाणी चढताना पडलेल्या भिंतींपेक्षा पाणी ओसरल्यावर, चांगलं ऊन पडल्यावर पडलेल्या भिंती जास्त. लोक म्हणायचे, ‘पुरात टिकली आणि उन्हात पडली, नशीब!’ त्यात नशीब नाही. पाणी दोन्ही बाजूंनी असतं तोवर ते भिंतीला दोन्हीकडून धरून ठेवतं. ते उतरलं की आतून चिखल झालेली, पाणी पिऊन जड झालेली भिंत एकटी उरते. वरून ऊन लागतं, बाहेरचा थर आधी सुकून आकसतो, आतला ओलाच राहतो, आणि भेगा पडून भिंत बसते. तेव्हा पूर उतरल्याबरोबर घर झाडायला आत जाणं हे पुराइतकंच धोक्याचं.

दुसरी गोष्ट सिमेंटच्या गिलाव्याची. आपल्याकडं भेंड्याच्या किंवा दगड-मातीच्या भिंतीवर वीसेक वर्षांत हौसेनं सिमेंटचा गिलावा चढवला गेला. दिसायला घर पक्कं झालं. पण मातीच्या भिंतीला श्वास घ्यावा लागतो. जोत्यातून वर चढलेली ओल पूर्वी चुन्या-मातीच्या लेपातून निघून जायची, ती आता सिमेंटच्या आत अडकते. वरून ठणठणीत दिसणारी भिंत आतून शिऱ्यासारखी मऊ झालेली असते. उलट आज्या-पणज्यांनी शेणामातीनं सारवलेली, उंच दगडी जोत्यावरची भिंत बऱ्याच ठिकाणी टिकलेली दिसली. जोत्याच्या उंचीइतकं पाणी दगडानं सोसलं, मातीपर्यंत पोचलंच नाही.

तिसरी, सामाईक भिंतीची. जुन्या गल्ल्यांत दोन घरांत एक भिंत. शेजाऱ्यानं आपली बाजू पाडून आरसीसीचं घर बांधलं की सामाईक भिंतीतून त्याचे वासे निघतात. पन्नास-साठ वर्षं दोन्हीकडून दाबून धरलेली भिंत एका बाजूनं मोकळी होते. ती लगेच पडत नाही. पहिल्या मोठ्या पावसाची वाट पाहते.

हे सगळं आम्ही पाहिलं, जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना सांगितलं, आणि ते तिथंच राहिलं. कागदावर आलं ते ए, बी आणि सी.

जगात ही ‘का’ची चौकशी करणारी एक अख्खी विद्या आहे. इंग्रजीत तिला फॉरेन्सिक इंजिनिअरिंग म्हणतात. महाराष्ट्रात गुन्ह्याचे पुरावे तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेला ‘न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा’ असं नाव आहे, त्या चालीवर हिला न्यायसहायक अभियांत्रिकी म्हणता येईल. पण आम्हाला तो शब्द अपुरा वाटतो. न्यायाला साहाय्य हा तिचा अर्धाच भाग. एक पंचनामा भरपाईसाठी होतो, दुसरा गुन्हेगार शोधण्यासाठी, आणि तिसरा कारण शोधण्यासाठी व्हायला हवा. पुढचा पूल पडू नये म्हणून लागतो तो हा तिसरा.

अमेरिकेतलं एक उदाहरण या विद्येच्या प्रत्येक पुस्तकात असतं. १९८१ साली कॅन्सस सिटीतल्या एका मोठ्या हॉटेलात दिवाणखान्यावर टांगलेले दोन पूल कोसळले, ११४ माणसं गेली. मूळ नकाशात छतापासून एकच लांब सळई खाली येत होती आणि वरचा-खालचा दोन्ही पूल तिच्यावर टांगलेले होते. काम सोपं व्हावं म्हणून एका सळईच्या दोन केल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर, आढ्याला एक लांब दोरी बांधून तिच्यावर वर एक, खाली एक असे दोन पाळणे टांगले, तर प्रत्येक पाळण्याची गाठ आपापल्या पोराचं वजन सोसते. पण खालचा पाळणा वरच्या पाळण्यालाच बांधला, तर वरच्याची गाठ दोन्ही पोरांचं वजन सोसते. बदल कागदावर एवढासा, गाठीवरचा भार दुप्पट. अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेनं त्याच दशकात अशा अपयशांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र परिषद काढली.

इंग्लंडनं पुढची पायरी गाठली. तिथं २००५ पासून एक व्यवस्था चालते. कुठल्याही अभियंत्याला कामावर काही धोक्याचं दिसलं, पडता पडता वाचलेलं दिसलं, तर तो कळवू शकतो. नाव गुप्त राहतं, कंपनीचं नाव गाळलं जातं, आणि धडा तेवढा सगळ्यांना वाचायला मिळतो. पडलेल्यापेक्षा पडता पडता वाचलेलं जास्त शिकवतं, कारण ते संख्येनं फार जास्त असतं. जपाननंही अपयशांचा एक मोठा सार्वजनिक संग्रह केला. प्राध्यापक हातामुरा यांनी तर ‘अपयशशास्त्र’ असा विषयच मांडला.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं. तसं नाही. आपल्या घराजवळ, कोयनेला, हे काम इतकं चांगलं झालं की जगानं त्यावरून धडे घेतले.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. कोयनानगरचा भूकंप सांगली-कोल्हापूर-बेळगावापर्यंत सगळ्यांनी अनुभवला. गाव उद्ध्वस्त झालं. १०३ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं, पण त्याला तडे गेले. अभियंत्यांनी तडे कुठं गेलेत ते नीट मोजलं. उंच भागांत, माथ्यापासून साधारण ३६ मीटर खाली, पाठीमागचा उतार जिथं एकदम बदलतो, नेमके तिथंच आडवे तडे होते. वरचा भाग जड, खालचा रुंद, आणि दोन्हीच्या सांध्यावर हादऱ्याचा ताण एकवटलेला. धरणात बसवलेल्या यंत्रानं त्या हादऱ्याची नोंदही करून ठेवली होती. कारण कळलं म्हणून उपायही नेमका झाला: त्या उंच भागांना मागून काँक्रीटचे भक्कम टेकू दिले गेले. आज जगात कुठंही काँक्रीटच्या धरणाचं भूकंपाचं गणित तपासायचं असलं की कोयनेचा छेद आणि कोयनेची नोंद घेऊन ते तपासतात. जी मंडळी आपल्याला कायम दुसऱ्यांकडून शिकवायला येतात, त्यांना हे जरूर सांगावं.

त्याच भूकंपानं आणखी एक समजूत मोडली. दख्खनचं पठार म्हणजे भूकंप नाही, असं पुस्तकात होतं. १९७० साली देशाचा भूकंप नकाशा सुधारला गेला आणि कोयनेचा भाग वरच्या धोक्याच्या पट्ट्यात आला. किल्लारी मात्र सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यातच राहिली. ३० सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे तिथं काय झालं ते आपण जाणतो. जवळपास आठ हजार माणसं गेली. भूकंपाचा जोर काही अचाट नव्हता. माणसं मारली ती भिंतींनी. जाड, दोन थरांच्या दगडी भिंती, मधे भर, मातीत बांधलेल्या, आणि वर दोन-दोन फूट मातीचं धाबं. हादऱ्यानं दोन्ही थर एकमेकांपासून सुटले, कारण त्यांना जोडणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड नव्हता. असा दगड ठरावीक अंतरावर घालायला फार पैसे लागत नाहीत. गवंड्याला माहीत असावं लागतं. २००२ साली नकाशातून तो ‘सगळ्यात कमी धोक्याचा’ पट्टाच काढून टाकला. म्हणजे नकाशापर्यंत धडा पोचला. गवंड्यापर्यंत किती पोचला, हे आमच्या भागातल्या नव्या दगडी भिंती पाहून आम्हाला विचारू नका.

कोयनेच्या उलट गोष्ट सहा वर्षं आधीची, पानशेतची. १२ जुलै १९६१. मातीचं धरण, काम पुरं व्हायच्या आतच त्या पावसाळ्यात पाणी अडवलेलं. पाणी सोडायच्या नळाचं काम अपुरं, दरवाजे पुरते बसलेले नाहीत. नळातून पाणी धडका देत सुटलं, नळावरचा भराव खचत गेला. रात्रभर लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचली. सकाळी धरण फुटलं, दुपारी खाली खडकवासल्याचं दगडी धरणही गेलं आणि पुण्यात काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. चौकशीला न्यायमूर्ती बावडेकरांचा आयोग नेमला गेला; त्यांच्या मृत्यूनंतर न्यायमूर्ती नाईक यांच्याकडं काम गेलं.

आम्हाला इथं एक गोष्ट मांडायची आहे, आणि ती आमचं मत म्हणून घ्या. पुण्यातल्या जुन्या माणसाला पानशेतबद्दल विचारा. पाणी कुठवर आलं होतं, रेडिओवर काय सांगितलं, कोणाचा राजीनामा मागितला गेला, हे सगळं तो सांगेल. नळाचं कुणी सांगणार नाही. कोणी केलं, या प्रश्नानं कसं झालं, हा प्रश्न खाऊन टाकला. गंमत अशी की देशातली पाण्यावरची सगळ्यात जुनी आणि मोठी संशोधन संस्था, १९१६ साली सुरू झालेली, त्याच खडकवासल्याला आहे. तिथल्या प्रयोगांनी देशभरातल्या धरणांना मार्ग दाखवलाय. विद्या दाराशी होती, तरी अपुऱ्या नळावर पाणी अडवलं गेलं. म्हणजे विद्या असणं वेगळं आणि ती योग्य दिवशी योग्य माणसापर्यंत पोचणं वेगळं.

पोचण्याचा हा प्रश्न पुलांच्या बाबतीत सगळ्यात कठीण होतो. महाडजवळचा सावित्रीवरचा पूल १९२८ चा, दगडी कमानींचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, पुरात, तो गेला. दोन एसटी बसगाड्या आणि इतर वाहनं अंधारात नदीत गेली, चाळीसच्या आसपास माणसं गेली. त्याच वर्षी पावसाळ्यापूर्वी पाहणी झाली होती आणि पूल वाहतुकीला योग्य ठरला होता, असं तेव्हा सांगण्यात आलं. लोक चिडले. ‘मे महिन्यात पास आणि ऑगस्टात वाहून गेला, म्हणजे पाहणी घरबसल्या केली!’

पाहणी कशी होते ते सांगतो, मग ठरवा. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा पुलाची पाहणी करायची असा दंडक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसची त्यासाठी पुस्तिकाही आहे. आमच्यापैकी एखादा कनिष्ठ अभियंता, सोबत एक मैलकुली, एक हातोडी, टॉर्च आणि छापील तक्ता. कठडे, रस्ता, सांधे, पाणी निचऱ्याची भोकं. दगडी पुलावर पिंपळ उगवलाय का. पिंपळ हा पुलांचा जुना वैरी, त्याचं मूळ सांध्यात शिरलं की कमानीचा दगड ढळतो. हातोडी मारून आवाज ऐकायचा, पोकळ येतो का. हे सगळं पाण्याच्या वरचं.

कमानीचा पूल मात्र वरून मरत नाही. त्याला मारणारं काम पायाशी, पाण्याखाली होतं. पुरात पाण्याचा जोर खांबाला आपटून खाली वळतो आणि खांबाच्या बुडाशी भोवरा करून रेती उपसतो. पायाखाली खड्डा पडतो. आता यातली चलाखी पाहा: पूर उतरायला लागला की पाणी संथ होतं, वरून आलेला गाळ त्याच खड्ड्यात बसतो आणि तळ पुन्हा सपाट दिसतो. मे महिन्यात कोरड्या नदीत उभं राहून पाहणारा माणूस कितीही प्रामाणिक असला तरी त्याला जमीन भरलेलीच दिसणार. भरलेली आहे ती पोकळ गाळानं, पुढच्या पुरात पहिल्या तासात उडून जाईल अशी. त्यात आजूबाजूला वाळू उपशानं पात्रच खाली गेलेलं असेल तर बोलायलाच नको. म्हणून जुन्या पुलाचा धोका ओळखायचा तर पात्राची पातळी वर्षानुवर्षं एकाच खुणेपासून मोजून ठेवायला हवी, पाण्याखाली उतरून पाया पाहायला हवा, आणि पाणी ठरावीक खुणेवर गेलं की वाहतूक बंद करायची हिंमत हवी. तक्त्यात टिक मारून हे होत नाही.

महाडला नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, ५ जून २०१७ ला खुला झाला. कौतुकाचीच गोष्ट. पण नव्या पुलाच्या बातमीबरोबर जुना नेमका कसा गेला याची चार पानी पुस्तिका प्रत्येक उपविभागाच्या टेबलावर आली असती, तर आम्हाला जास्त आनंद झाला असता.

खाऱ्या हवेचं प्रकरण थोडक्यात सांगतो. पणजीचा मांडवीवरचा पहिला मोठा पूल पंधराएक वर्षांतच, ५ जुलै १९८६ ला कोसळला. ठाणे खाडीवरचा १९७३ चा पूल आतल्या ताणलेल्या तारा गंजल्यामुळं जड वाहनांना बंद करावा लागला. आणि आमच्याच राज्यात, कारवारला काळी नदीवरचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्री पडला. एक ट्रक पाण्यात गेला, चालक वाचला, ही देवाची कृपा. समुद्राजवळ काँक्रीटच्या आतलं पोलाद बाहेरून दिसत नाही तोवरच गंजतं, हा धडा आपल्या किनाऱ्यानं १९८६ साली मोठी किंमत देऊन घेतलेला आहे.

चांगलं उदाहरणही त्याच आठवड्यातलं. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री तुंगभद्रेच्या धरणाच्या १९ व्या दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. वाहत्या पाण्यात आठवडाभरात तात्पुरता दरवाजा बसवला गेला, कन्नय्या नायडू या ज्येष्ठ अभियंत्यांच्या मार्गदर्शनाखाली. पण आमच्या दृष्टीनं खरी मोलाची गोष्ट नंतर झाली. एक साखळी तुटली म्हणून उरलेल्या ३२ दरवाजांची तपासणी झाली, पोलाद किती झिजलंय ते मोजलं गेलं, आणि सगळेच्या सगळे ३३ दरवाजे बदलायचं ठरलं. एका कडीनं बाकीच्यांची साक्ष दिली. तिसरा पंचनामा म्हणतो तो हा.

मग हे नेहमी का होत नाही? कारणं आम्ही आतून पाहतो. पहिलं, जेसीबी. काही पडलं की माणसं वाचवायला ढिगारा हलवावाच लागतो, त्यात दुमत नाही. पण शेवटचा माणूस बाहेर काढल्यावरही तो थांबत नाही. दुसऱ्या दिवशी मंत्री येणार असतात, रस्ता मोकळा दिसला पाहिजे. तुटलेली सळई, काँक्रीटचा तुकडा, सांध्याचा दगड, सगळं ट्रकमध्ये भरून खड्ड्यात. खुनाच्या जागी चुन्याची रेघ ओढून कुणाला पाय ठेवू देत नाहीत, आणि ज्या ढिगाऱ्याखाली पन्नास माणसं गेली तो चोवीस तासांत धुऊन पुसून साफ! धारवाडला मार्च २०१९ मध्ये बांधकाम चालू असलेली इमारत पडून १९ माणसं गेली. अशा जागी वाचवण्याचं काम संपल्यावर दोन दिवस खांबांचे तुकडे क्रमांक टाकून बाजूला ठेवायला काय हरकत आहे?

दुसरं कारण भीती. काही पडलं की संध्याकाळपर्यंत कुणाचं तरी निलंबन लागतं, आणि शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर आम्ही डिप्लोमावाले असतो. दोषी असेल त्याला शिक्षा व्हावीच. सिमेंट खाणाऱ्याची बाजू घ्यायला आम्ही इथं उभे नाही. पण याचा परिणाम असा होतो की ज्याला सगळ्यात जास्त दिसतं तो सगळ्यात कमी बोलतो. तडा दिसला आणि लिहिला, तर ‘लिहिलंस तर बंद का नाही केलास?’ नाही लिहिला, तर ‘दिसला कसा नाही?’ अशा वेळी माणूस ‘सर्वसाधारण स्थिती समाधानकारक’ असं लिहितो, आणि ते वाक्य आमच्या दप्तरांत ढिगानं सापडेल. म्हणून ती इंग्लंडमधली नाव गुप्त ठेवणारी व्यवस्था आम्हाला फार हवीशी वाटते. कन्नडमधून, मराठीतून, फोनवर बोलूनसुद्धा कळवता येईल अशी. निवृत्त अभियंत्यांनी चालवली तर उत्तम. त्यांचं निलंबन होत नाही.

आता सण तोंडावर आहे म्हणून एक. जुन्या छोट्या पुलावर ट्रक बंदी करतात आणि लोकांना वाटतं, माणसं काय, हलकीच. हिशेब करू. चार फूट रुंद, शंभर फूट लांब पूल म्हणजे साधारण ३७ चौरस मीटर. दाटीत एका मीटरला पाच माणसं सहज उभी राहतात. १८५ माणसं, साठ किलोप्रमाणं ११ टन. भरलेला ट्रक झाला की! त्यात सगळे एकाच ठेक्यावर नाचले तर वजन नुसतं बसत नाही, झोका देतं. १८३१ साली इंग्लंडमध्ये पावलं जुळवत जाणाऱ्या सैनिकांखाली ब्रॉटनचा झुलता पूल पडला, तेव्हापासून पुलावर सैनिकांनी कदम मोडून चालायचं असा शिरस्ता पडला. मुंबईत विसर्जनाच्या वेळी धोकादायक पुलांवर मिरवणूक थांबवू नका, नाचू नका असं दरवर्षी सांगतात ते याचसाठी. आणि तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ च्या रविवारी पर्यटकांच्या गर्दीखाली पडला, चार जण गेले. तो धोकादायक आहे हे आधीच ठरलेलं होतं. आपली मिरवणूक कोणत्या पुलावरून जाते हे मंडळानं तेवढं पाहावं, आणि पुलावर ढोल-ताशा थांबवून माणसं पुढं काढावीत. पुलापलीकडं गेल्यावर पाहिजे तेवढा वाजवा.

चिठ्ठीवर एक प्रश्न आलाय, तो घेऊन थांबतो. विचारलंय, ‘आमचं गावाकडचं घर आजोबांच्या वेळचं आहे, दगड-मातीचं. आम्ही वर्षातून एकदा गणपतीला जातो. भिंतीला भेग आहे. ती जुनीच आहे की वाढतेय, कसं कळावं?’

चांगला प्रश्न आहे, आणि इथल्या निम्म्या घरांचा असेल. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली बारीक भेग बहुतेक वेळा जुनी बसलेली असते. वर रुंद, खाली निमुळती भेग म्हणजे कोपरा खचतोय किंवा भिंत बाहेर कलतेय. ओळंबा सोडून पाहा. आणि दगडी भिंतीला पोट सुटलं असेल, मधे फुगली असेल, तर भेगेची वाट पाहू नका, त्या खोलीत झोपू नका. बाकी भेगेसाठी जुन्या मिस्त्रींची पद्धत आहे. काचेची एक पातळ पट्टी घ्या, बोटभर रुंद, वीतभर लांब. भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना घट्ट सिमेंट लावून बसवा; गिलावा सुटा असेल तर आधी खरवडून काढा, नाहीतर काच गिलाव्याला चिकटेल, भिंतीला नाही. भेगेची दोन्ही टोकं पेन्सिलीनं खुणा करून ठेवा. भिंत हलली तर काच तडकते, काच खोटं बोलत नाही. गावात राहणाऱ्या शेजाऱ्याला सांगून ठेवा की काच तडकली तर फोन कर. आणि पट्टीखाली भिंतीवरच तारीख लिहा, म्हणजे पुढच्या गणपतीला जो कुणी जाईल त्याला कळेल ती कधी बसवली होती.